ओली पाटी आणि रॉकेल

दुबईहून परतल्यापासून भेटेल तो एकच विचारतो, "बाई, ती सगळ्यात उंच बिल्डिंग पाहिलीत का?" पाहिली. व्हॅनच्या काचेतून, जाता-येता, आणि तीही अर्धी धुक्यात बुडालेली. सोन्याचा बाजार पाहिला नाही, उंटावर बसले नाही, वाळूत गाडी उडवणाऱ्यांच्या नादाला लागले नाही. एवढं ऐकून समोरच्याचा चेहरा पडतो. मग मी सांगते की जर्मनीतल्या एका थंड खोऱ्यात एका घराने चार पिढ्या पिकवलेली वाइन मी प्यायले, आणि तीही जिभेपेक्षा नाकाने जास्त. यावर लोक जरा लांब सरकून बसतात. म्हणून एकदाच काय ते नीट लिहून टाकते.

आधी माझी ओळख. मी फिलोमिना. वसईच्या मराठी शाळेत चौतीस वर्षं मराठी शिकवून निवृत्त झाले. माझा धाकटा भाऊ सिरिल अठरा वर्षं दुबईत आहे. मरीना भागातल्या एका मोठ्या हॉटेलात कोणती वाइन घ्यायची, कोणत्या जेवणाबरोबर कोणती द्यायची, हे ठरवण्याची त्याची नोकरी. त्या पदाला फ्रेंच नाव आहे. गावात आम्ही त्याला सरळ वाइनवाला म्हणतो. आई साथीच्या वर्षी गेली तेव्हा विमानं बंद होती. सिरिलने आईची माती फोनच्या पडद्यावर पाहिली. त्यानंतर तो एकदाही घरी आला नाही. दर वर्षी काहीतरी निघायचं. यंदा जानेवारीत त्याचा फोन आला, "बाय, फेब्रुवारीत तूच ये. व्हिजा मी काढतो. नाही म्हणू नकोस." मला वाटलं, पोराला माणसं आठवायला लागली. तो लहानपणापासून मला बाय म्हणतो आणि पन्नाशी ओलांडली तरी माझ्या लेखी तो पोरगाच आहे. त्याला परत घरी यायला राजी करायचं, असं मनाशी ठरवून मी बॅग भरली.

अजमान

सिरिल काम करतो दुबईत आणि राहतो अजमानला. तिथे घरं परवडतात. दोन खोल्या, एक बाल्कनी, बाल्कनीत आपल्याकडच्या तुळशीएवढ्या कुंडीत कढीपत्ता. त्याची बायको मर्लिन शारजाच्या दवाखान्यात नर्स आहे, मुलगी शेरिल पंधरा वर्षांची. मी मराठीत विचारायचं आणि तिने इंग्रजीत उत्तर द्यायचं, असा आमचा संवाद. दोघींना एकमेकींचं सगळं कळतं, फक्त कोणी आपली भाषा सोडत नाही.

पहिल्याच संध्याकाळी बॅग उघडली. वरच्या कपड्यांखाली सहा पदरी प्लास्टिकमध्ये सुके बोंबील होते. तरी पिशवीची गाठ सोडताच खोली दणाणून गेली.

"ओ माय गॉड, आत्या, व्हॉट इज दॅट स्मेल!" शेरिल नाक दाबून बाल्कनीत पळाली.

"हे तुझ्या बापाचं बालपण आहे," मी म्हटलं.

सिरिल माझ्या शेजारीच उभा होता. मला वाटलं होतं, तो पिशवीत डोकं घालेल. लहानपणी बोंबील भाजायला घेतले की तो शेजारच्या वाडीतून धावत यायचा. आता तो नुसता हसला आणि म्हणाला, "वा, मस्त." शेरिलचं ओरडणं ऐकल्यानंतर म्हणाला, आधी नाही. मला ते खटकलं, पण थकलाय बिचारा, असं म्हणून मी सोडून दिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी गॅसवर दूध उतू गेलं, करपलं, बिल्डिंगच्या जिन्यापर्यंत वास गेला. सिरिल स्वयंपाकघरातच स्टुलावर बसून फोन पाहत होता. मी धावत येऊन गॅस बंद केला तेव्हा तो दचकला.

"नाक गहाण ठेवलंस की काय रे?" मी ओरडले.

तो भांडं उचलून सिंकमध्ये घासायला लागला. शाळेत चूक सापडल्यावर काही मुलं पुस्तकात तोंड घालून बसतात, अगदी तसा.

आता माझ्या नाकाबद्दल सांगायला हवं. त्यात माझं कर्तृत्व काही नाही, जन्माने मिळालंय. आई नाताळासाठी मनुकांची वाइन घालायची. काळ्या मनुका, साखर, मूठभर गहू, खमीर, चिनीमातीची बरणी आणि तिच्या तोंडावर बांधलेलं फडकं. वाइन झाली की नाही हे आई कधीच चाखून ठरवत नसे. "फिलूचं नाक आणा," म्हणायची. मी फडक्याला नाक लावायचे आणि सांगायचे, आणखी चार दिवस. चार दिवसांनी बरोबर झालेली असायची. पाणी कोणत्या विहिरीचं आहे हे मी तांब्याचा वास घेऊन ओळखायचे. वर्गात कोणत्या मुलाच्या डब्यात काय आहे, हे फळ्याकडे तोंड करून सांगायचे. पोरं मला घाबरायची ती छडीमुळे नव्हे.

अल क्वोज

तिसऱ्या दिवशी सिरिल म्हणाला, "चल, माझं हॉटेल दाखवतो." अजमानहून मरीनाला रोज जायला तो कारलिफ्ट वापरतो, म्हणजे ठरलेली सामायिक व्हॅन. ती चालवणारे नजीरभाई श्रीवर्धनचे. पंचवीस वर्षं तिथे आहेत, तरी बोलण्यातली खारी हवा गेलेली नाही. मी मराठीची बाई आहे हे कळल्यावर त्यांनी मला पुढच्या सीटवर बसवलं आणि वाटेत थांबून कराक चहा पाजला. घट्ट, वेलचीचा, कागदी कपात.

"दोन दिरहम, म्हणजे पन्नास रुपये समजा," ते म्हणाले. "बाई, श्रीवर्धनला पन्नास रुपयांत अख्खी किटली येते. पण इथे चहा नाही विकत, आठवण विकतात."

सकाळचं धुकं होतं. मी मघाशी सांगितलेली इमारत त्या धुक्यात कमरेपर्यंतच दिसली. त्यानंतर थोड्याच वेळात मागचं चाक पंक्चर झालं. नजीरभाईंनी व्हॅन कशीबशी अल क्वोजमध्ये आत घेतली. हा गोदामांचा, गॅरेजांचा आणि कामगारांच्या वसतींचा भाग. दुबई म्हणताच डोळ्यांपुढे येणारा चकचकाट इथे नाही. इथे तो चकचकाट तयार करणारी माणसं राहतात. टायरवाल्याच्या दुकानापुढे आम्ही उभे राहिलो. बाकीचे प्रवासी दुसऱ्या गाडीने पुढे गेले.

मला तो भाग फार आवडला, कारण तिथे वास होते. हॉटेलं आणि मॉल यांत सगळीकडे एकच अत्तर मारलेलं असतं. इथे जळकं रबर होतं, वेल्डिंग होतं, कुठेतरी कांदा तळला जात होता, कुणाच्या तरी ओल्या चादरींना स्वस्त साबणाचा वास होता, आणि डिझेल तर नाकात जाऊन बसलं होतं.

"काय रे हे डिझेल! डोकं उठलं माझं."

"येतोय वास?" सिरिलने विचारलं.

हा प्रश्न ज्याने विचारला त्याच्याकडे मी वळून पाहिलं. तो टायरवाल्याकडे बघत होता.

"सिरिल, तुला येत नाही?"

"नाही."

"आज सर्दी आहे?"

"बाय, चार वर्षं झाली. मला कसलाच वास येत नाही. फीवर आला होता ना त्या वर्षी, त्यानंतर खलास. डॉक्टर बोलतो, कधी कधी परत येतं. इन्शाल्ला येईल. पण आलं नाही."

वाइन निवडणाऱ्या माणसाचं नाक गेलंय. गायकाचा गळा जावा तसलाच हा प्रकार. आणि याने चार वर्षं कुणाला कळू दिलं नाही! जुन्या वाइन त्याला पाठ होत्या, आणि नव्या आल्या की त्याचा एक सहकारी चाखून हळूच सांगायचा. तो सहकारी गेल्या महिन्यात दुसऱ्या देशात बदलून गेला.

"थर्सडेला टेस्टिंग आहे," सिरिल म्हणाला. "जर्मनीहून एक बाई स्वतः येतेय, उर्सुला. फॅमिली वायनरी आहे तिची, मोझेल नदीकाठी. तिची वाइन आम्ही बरीच वर्षं विकतो. पाच बॉटल आणणार, लेबल झाकून. मी प्रत्येकीचा वास सांगायचा, मॅनेजर समोर बसणार, आणि न्यू सीझनची लिस्ट त्याच दिवशी लॉक. चुकलो तर माझी नोकरी गेली बाय. शेरिलची दहावी आहे. आणि मला दुसरं काही येत नाही."

"मग?"

"तू माझ्या शेजारी बस. माझी बहीण, व्हिजिटवर आलीय, इंटरेस्टेड आहे, असं मी बोललोय. तू वास घे आणि मराठीत सांग. तिथे कुणाला मराठी येत नाही. सगळे मल्याळी नाहीतर फिलिपिनो."

मला आधी राग आला, आणि तो फार खरा राग होता. मी बॅग भरताना किती काय काय मनात धरून आले होते. "म्हणजे तुला मी नको होते, माझं नाक हवं होतं," मी म्हटलं. "चौतीस वर्षं मी परीक्षेत कॉपी पकडली, आणि आता मी कॉपी पुरवायची?"

"पहिल्यांदा कळलं कधी माहितीय?" तो एकदम म्हणाला. "तू आईच्या लुगड्याचा तुकडा पाठवला होतास ना, ती गेल्यावर महिन्याभराने? मी दार बंद केलं, पिशवी उघडली आणि नाकाला लावला. काहीच नाही बाय. आईचा काहीच वास नाही. तेव्हा मला कळलं की माझं नाक गेलंय."

माझ्या तोंडावर एक वाक्य आलं होतं, ते मी गिळलं. तेवढ्यात नजीरभाईंनी हाक मारली, "यल्ला, चला बाई, चाक बसवलं!" आणि आम्ही व्हॅनमध्ये चढलो. हॉटेल येईपर्यंत मी हो म्हणून टाकलं होतं.

मरीना

गुरुवारी दुपारी नजीरभाईंनी आम्हाला हॉटेलच्या मागच्या दाराशी सोडलं. "बाई, मी दारापर्यंत आणलं. आत काय करता ते मला सांगू नका, म्हणजे मला विसरायला नको," असं म्हणून ते गाडी वळवून गेले.

विसाव्या मजल्यावरची खोली. काचेबाहेर खाली बोटी, समोर उंच उंच इमारती, त्यांच्या काचांत पुन्हा बोटी. लांब टेबलाशी मॅनेजर, मुख्य आचारी, सिरिल आणि मी. माझ्यासमोर पाच पेले आणि एक पितळी भांडं. ते थुंकायचं भांडं आहे, असं सिरिलने सांगितलं. वाइन तोंडात घोळवायची आणि थुंकून टाकायची.

आता मी कॅथलिक घरातली बाई. वाइन थुंकायची नसते हे पहिल्या कम्युनियनपासून, म्हणजे चर्चमधली पवित्र वाइन ओठाला लागल्यापासून, हाडात भिनलेलं. मी ठरवलं की भांड्याकडे बघायचंच नाही. त्याचा परिणाम पुढे सांगते.

उर्सुला आली. साठीची, उंच, हात मात्र आपल्याकडच्या वाडीत राबणाऱ्या बायकांसारखे, नखांच्या कडा काळ्या. तिने आल्या आल्या पर्समधून एक काळा चपटा दगड काढून टेबलावर ठेवला. तिच्या डोंगरावर माती नाहीच, सगळा हा दगड. उतार इतका उभा की द्राक्षं काढताना माणसं कमरेला दोर बांधतात. दिवसा दगड ऊन पितो आणि रात्री वेलींना देतो, म्हणून त्या थंडीत द्राक्षं पिकतात. तिच्या पणजोबांनी वेली लावल्या, बापाने वाढवल्या, आता ती एकटी बघते. हे ती साध्या इंग्रजीत सांगत होती आणि मी दगडाकडे बघत होते. तो मी कुठेतरी पाहिला होता.

पहिला पेला. मी नाकाशी धरला आणि हसूच आलं. "सिरिल, ओली पाटी," मी पुटपुटले. "पहिलीच्या वर्गात पन्नास पोरं थुंकी लावून पाट्या पुसतात ना, तो वास. आणि रायआवळा."

"वेट स्लेट," सिरिल गंभीरपणे म्हणाला. "अँड अ व्हेरी टार्ट लिटल फ्रूट."

उर्सुलाचे डोळे चमकले. तिने बोट त्या काळ्या दगडावर ठेवलं. मग मला उमगलं की तो पाटीचाच दगड आहे. चौतीस वर्षं पाट्यांमध्ये काढली आणि ओळखायला वाइन लागली.

दुसऱ्या पेल्यात सोनचाफा होता. आमच्या वसईतून गाठोडी बांधून मुंबईला जातो तोच, पण पहाटेचा, अजून न उमललेला. तिसऱ्यात पपनसाची साल आणि मीठ. चौथी वाइन गोड होती, उशिरा काढलेल्या द्राक्षांची. तिच्यात गुळाच्या पाकाला येतो तो उकळता वास. मी सांगत होते, सिरिल त्याचं इंग्रजी करत होता. मॅनेजर मान डोलवत होता. सिरिलच्या कपाळावरचा घाम वाळायला लागला होता. आणि मी प्रत्येक पेला तळापर्यंत पीत होते, कारण मध्येच सोडणं बरं दिसत नाही.

चौथ्या पेल्यानंतर उर्सुला थोडा वेळ खिडकीबाहेर पाहत राहिली. खाली एका बोटीवर लोक उघड्या अंगाने ऊन खात होते. ती म्हणाली, तिच्याकडे पूर्वी एक खास वाइन व्हायची. वेलीवरच गोठलेल्या द्राक्षांची. हिवाळ्यात कडाक्याची पहाट येईपर्यंत थांबायचं, अख्खं घर जागं राहायचं, आणि गोठलेले घड हातमोज्यांनी काढायचे. "आता ती पहाटच येत नाही. आम्ही दर वर्षी थोडी द्राक्षं वेलीवर ठेवतो, आणि दर वर्षी ती सडतात. मुलगी म्हणते, ठेवू नकोस. मी ठेवते." हे सांगताना तिने दगड हातात घेतला होता. मला एकदम माझी बॅग आठवली, आणि मी काय ठरवून आले होते ते.

मग पाचवी बाटली. उर्सुलाने ती स्वतः ओतली. तिच्या वडिलांनी केलेली शेवटची, कित्येक वर्षं तळघरात पडून असलेली. रंग सोनेरी. मी नाकाशी धरली आणि माझ्या घशातून जो आवाज निघाला तो चार पेल्यांनंतर कुजबुजीचा राहिला नव्हता.

"अगं बाई, रॉकेल!"

मी पेला लांब सारला. "सिरिल, नासलीय रे ही! रॉकेल सांडलंय यात कुणीतरी. आईच्या स्टोव्हचा वास येतोय!"

सिरिल माझ्याकडे बघतच राहिला. त्याने इंग्रजी केलं नाही. पण उर्सुलाने ऐकलं होतं, आणि ती पुढे झुकली. सरळ माझ्याकडे.

"रॉक ऑइल?" ती म्हणाली. "यू सेड रॉक ऑइल?"

मराठीचा तास घेताना मीच मुलांना सांगत असे की रॉकेल हा शब्द रॉक ऑइलवरून आलाय, साहेबाचा शब्द आपण चावून मऊ केलाय. चौतीस वर्षांत त्या माहितीचा कुणालाही काही उपयोग झाला नव्हता. आज झाला, आणि नेमका नको तिथे झाला. मी मान हलवली. मोडक्या इंग्रजीत सांगितलं की आमच्याकडे पंप मारायचा स्टोव्ह होता, त्यात हे तेल घालायचे, आणि माफ करा, तुमच्या वडिलांची बाटली बिघडलीय.

उर्सुला हसली नाही. तिचे डोळे भरून आले. या द्राक्षाची वाइन जुनी आणि उत्तम झाली की तिला हाच वास येतो, ती म्हणाली. तिच्या आजीच्या वेळी दिव्यात जाळायच्या या तेलाला जुनी माणसं 'दगडाचं तेल' म्हणायची. "मोठमोठे लोक ही पितात आणि मध म्हणतात, फुलं म्हणतात. रॉकेल म्हणायला लाजतात. माझे वडील नाक लावून एवढंच म्हणायचे. दगडाचं तेल. झाली."

मग तिने आधी माझ्याकडे आणि नंतर सिरिलकडे पाहिलं. "म्हणजे आतापर्यंत वास या घेत होत्या," ती शांतपणे म्हणाली.

सिरिल उठून उभा राहिला. त्याला थापा मारता आल्या असत्या. आमचं मराठी कुणाला कळलं नव्हतं, एक शब्द सोडून. पण तो म्हणाला, "येस. माझं नाक गेलंय. चार वर्षं झाली. मी कुणाला सांगितलं नाही. सॉरी, सर." मॅनेजरचा चेहरा पाटीसारखाच झाला. मला टेबलाखाली शिरावंसं वाटत होतं. हळू बोलता आलं असतं, थुंकता आलं असतं, तर माझ्या भावाची नोकरी वाचली असती.

"मग माझी वाइन तुम्ही इतकी वर्षं कशी विकलीत?" उर्सुलाने विचारलं.

"आठवणीवर, मॅडम."

"मीही तेच करते," ती म्हणाली. "लेबलवर अजून लिहिते, थंड खोऱ्यातली."

परत अजमान

शनिवारी मॅनेजरने सिरिलला बोलावलं. निवडीच्या टेबलावर आता तो बसणार नाही. पण नव्या पोरांना शिकवायचं काम त्याचं, कारण त्याच्याइतकी माहिती कुणालाच नाही. उर्सुलाच्या पाचही वाइन यादीत आल्या, आणि त्या कशा सांगायच्या हे सिरिलनेच शिकवावं अशी तिची अट होती. "हुद्दा खाली आला, पण मी रात्री झोपतो बाय," सिरिल म्हणाला. त्या आठवड्यात त्याने मला दोनदा मरीनाच्या काठाने फिरवलं, मर्लिनने सुक्या बोंबलांचं कालवण केलं, आणि शेरिलने नाक दाबून दोनदा वाढून घेतलं. घरी परत ये, असं मी त्याला म्हटलंच नाही. शेरिलची दहावी होती, आणि तो अजूनही काहीतरी वेलीवर ठेवून वाट बघत होता.

निघायच्या सकाळी त्याने कपाट उघडलं. कागदपत्रांच्या फाइलींमागून एक झिपची पिशवी काढली. आत आईच्या लाल चौकड्यांच्या लुगड्याचा तुकडा, मी पाठवलेला, चौकोनी घडी घातलेला.

"त्या एका वेळेनंतर मी उघडला नाही," तो म्हणाला. "मला येत नाही, पण म्हणून वास उडून जाऊ नये. बाय, तू बघ ना. आई आहे का अजून त्यात?"

मी पिशवी उघडली. नाक लावलं. प्लास्टिक होतं, आणि कपाटातल्या डांबर गोळ्यांचा जरासा वास. बाकी काही नव्हतं. असणारही नव्हतं. चार वर्षांपूर्वी, परक्या मुलखात जाणार म्हणून, आणि गेलेल्या माणसाचं कापड तसंच पाठवू नये म्हणून, मी ते साबणाने दोनदा धुतलं होतं. खळ घातली होती, इस्त्री केली होती. आईचा वास मी स्वतःच्या हाताने मोरीत ओतला होता, आणि हा पोरगा इतकी वर्षं नाकाला दोष देत होता.

सिरिल माझ्या तोंडाकडे बघत होता. टेबलावर बघायचा तसा, कानात प्राण आणून.

"आहे," मी म्हटलं.

"काय काय आहे?"

"रॉकेल आहे. लसूण आहे, ठेचलेली. खोबरेल आहे, आणि खाली चुलीतली राख. मनुकांच्या बरणीच्या फडक्याला यायचा तो आंबूस वास आहे. सगळं आहे रे."

त्याने डोळे मिटले होते. प्रत्येक शब्दाला तो मान हलवत होता. मग एकदम म्हणाला, "बंद कर, बंद कर, उडून जाईल," आणि पिशवीच्या झिपवरून दोनदा अंगठा फिरवला. आयुष्यात एवढं मोठं खोटं मी कधी बोलले नव्हते. नजीरभाईंनी खाली हॉर्न दिला. विमानतळापर्यंत ते श्रीवर्धनच्या सुपारीबद्दल बोलत होते आणि मी खिडकीबाहेर बघत रडत होते. त्यांनी न विचारता एक वेलदोडा माझ्या हातावर ठेवला.

घरी आल्यावर मी पहिल्यांदा माळ्यावर चढले. आईचा स्टोव्ह अजून तिथेच आहे. रेशनवर रॉकेल मिळायचं कधीच बंद झालं, पण टाकीची चकती फिरवली तर आत अजून वास आहे. लुगड्याचा उरलेला अर्धा भाग माझ्या ट्रंकेत होता. तो मी काढला. आठ दिवस स्टोव्हभोवती गुंडाळून ठेवला. आता स्वयंपाक करताना रोज कमरेला खोचते, लसूण ठेचून हात त्यालाच पुसते, डोक्याला खोबरेल लावून त्यानेच तोंड टिपते, जसं आई करायची. मेमध्ये नजीरभाई गावी येतात, परत जाताना त्यांच्याकडे देणार आहे, आणि पहिला तुकडा मी धुतला होता, तो बदलून घे, असं सिरिलला खरं सांगणार आहे. कारण डॉक्टर म्हणतो की नाक कधी कधी परत येतं, आणि परत आलं की माझा भाऊ सगळ्यात आधी तीच पिशवी उघडणार.

नाताळची मनुकांची वाइन यंदा घालीन तेव्हा बरणीच्या तोंडाला नवं फडकं बांधेन. हा तुकडा मात्र मी या वेळी धुणार नाही.